‘आईवर गेलीस’ हे केसगळतीचे निदान नव्हे

महिलांच्या दीर्घकालीन केसगळतीत आनुवंशिकतेचा वाटा खरा आहे. पण तो तपासाच्या शेवटी ठरवायचा असतो. आपल्याकडे तो सुरुवातीलाच ठरवून विषय मिटवला जातो.

अहिल्यानगर जिल्ह्यातील अनेक गावांत ‘केसांवर भांडी’ अशी आरोळी आली की घरातून एक पिशवी बाहेर येते. फणीला अडकलेले केस गुंडाळून महिला ते खिडकीच्या गजामागे, भिंतीच्या फटीत किंवा कॅरीबॅगमध्ये साठवून ठेवतात. त्या गुंतवळाच्या बदल्यात कधी वाटी मिळते, कधी पिना, कधी लेकराला फुगा. व्यवहार दोन मिनिटांत संपतो. पण पिशवी किती दिवसांत भरली, याचा हिशेब मनात राहतो. पूर्वी सहा महिने पुरणारी पिशवी दोन महिन्यांतच भरली, तर काळजी वाटणारच.

ही काळजी घरात बोलून दाखवली की उत्तर ठरलेले असते. ‘आईवर गेलीस. तिचेही असेच झाले होते.’ हे वाक्य सासू म्हणते, मावशी म्हणते, कधी मेडिकलवालाही म्हणतो. त्यापुढे दोनच वाटा उरतात. एक म्हणजे नशीब म्हणून गप्प बसणे, दुसरी म्हणजे टीव्हीवर दिसेल ते तेल आणणे. रक्त तपासण्याची तिसरी वाट क्वचितच कोणी सुचवते. या लेखाचा आक्षेप त्या वाक्यातील माहितीवर नाही. आईचे केस गळाले असतील, तर मुलीचेही गळण्याची शक्यता वाढते, हे विज्ञानालाही मान्य आहे. आक्षेप आहे तो या वाक्याने तपास थांबतो, यावर.

बुलढाण्याच्या घटनेने काय दाखवले?

डिसेंबर २०२४ च्या अखेरीस आणि जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा आदी गावांतील लोकांचे केस अचानक गळू लागले. आधी डोक्याला खाज, मग केस हातात येणे आणि काही दिवसांत टक्कल. पुरुष, महिला, लहान मुले, सगळ्यांनाच त्याचा फटका बसला. सुरुवातीला पाण्यावर संशय घेतला गेला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची पथके गावांत आली. पाणी, रक्त, केस, अन्नधान्य यांचे नमुने घेतले गेले. पुढे विंचूदंशावरील संशोधनासाठी ओळखले जाणारे महाडचे डॉ. हिंमतराव बावसकर यांनी स्वतः केलेल्या पाहणीतून रेशनच्या गव्हातील सेलेनियमच्या जादा प्रमाणाकडे बोट दाखवले.

या घटनेत कोणी ‘तुमच्या घराण्यातच आहे’ असे म्हटले नाही, आणि म्हणण्याचे कारणही नव्हते. रक्ताचे नाते नसलेल्या घरांत एकाच आठवड्यात केस जातात, तेव्हा कारण त्या घरांनी मिळून वापरलेल्या गोष्टीत शोधायचे असते. माणसाची जनुके आठवड्याभरात बदलत नाहीत.

पण त्या घटनेची दुसरी बाजूही लक्षात घ्यायला हवी. गावाचे केस एकदम गेले, तेव्हा दिल्लीपर्यंतची यंत्रणा हलली. पाथर्डी किंवा पारनेरमधील एखाद्या महिलेचे केस पाच वर्षे थोडे थोडे जात राहतात, तेव्हा साधी रक्ततपासणीही होत नाही. तिच्या केसगळतीची बातमी होत नाही, हे समजू शकते. तिची नोंद केसपेपरवरही होत नाही, हे मात्र चुकीचे आहे.

केस गळतात म्हणजे नेमके काय होते?

डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. प्रत्येक केस त्वचेतील एका सूक्ष्म खोबणीतून, म्हणजे रोमकूपातून उगवतो आणि त्याचे एक चक्र असते. वाढीचा काळ दोन ते सहा वर्षांचा. त्यानंतर दोन-तीन आठवड्यांचा बदलाचा काळ आणि मग सुमारे तीन महिन्यांची विश्रांती. विश्रांती संपली की जुना केस गळतो आणि त्याच जागी नवा येतो. त्यामुळे दिवसाला ५० ते १०० केस गळणे हे आजाराचे लक्षण नाही.

बिघाड मुख्यतः दोन प्रकारे होतो. पहिल्या प्रकारात शरीराला एखादा धक्का बसतो. टायफॉइड किंवा डेंग्यूचा ताप, बाळंतपण, मोठी शस्त्रक्रिया, झपाट्याने घटलेले वजन, लोहाची कमतरता, थायरॉइडचा बिघाड. अशा वेळी वाढीच्या काळातील बरेच केस एकदम विश्रांतीत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकत्र गळतात. कोविडनंतर अनेकांना आलेला अनुभव हाच होता. केस गळायला लागतात तेव्हा ताप विसरला गेलेला असतो, म्हणून दोन्हींचा संबंध कोणाच्या लक्षात येत नाही. ही गळती बहुधा सहा महिन्यांत थांबते. त्याहून जास्त टिकली, तर तिला दीर्घकालीन म्हणतात. डेव्हिड व्हायटिंग या त्वचाविकारतज्ज्ञाने १९९६ मध्ये अशा महिलांचे सविस्तर वर्णन केले. वय साधारण ३० ते ६०, केस मूठभर गळतात, गळती कमी-जास्त होत वर्षानुवर्षे चालते, पण टक्कल पडत नाही आणि भांगही फारसा रुंदावत नाही.

दुसरा प्रकार शांतपणे पुढे सरकतो. त्यात वाढीचा काळ प्रत्येक चक्रागणिक आखूड होतो, रोमकूप आकसतो आणि जाड केसाच्या जागी बारीक, आखूड केस येतो. पुरुषांप्रमाणे कपाळ मागे जात नाही. पुढची रेषा तशीच राहते आणि मधला भांग रुंदावतो. जर्मन डॉक्टर लुडविग यांनी १९७७ मध्ये याच्या तीन पायऱ्या मांडल्या. त्या आजही वापरल्या जातात. आनुवंशिकतेचा खरा संबंध आहे तो मुख्यतः या प्रकाराशी.

घरी हा फरक ओळखण्याची एक साधी खूण आहे. पाच वर्षांपूर्वीचा फोटो आणि आजचा फोटो शेजारी ठेवून भांगाची रुंदी पाहावी. फणीत खूप केस, पण भांग तसाच, हे पहिल्या प्रकाराचे लक्षण. फणीत फारसे केस नाहीत, पण भांगातून डोके दिसू लागले आणि शेपटा बारीक झाला, हे दुसऱ्याचे. एकाच महिलेत दोन्ही एकत्र असू शकतात. किंबहुना अनेकदा तेच होते. आनुवंशिक विरळपणा हळूहळू चालू असतो, त्यात बाळंतपणाचा किंवा तापाचा धक्का बसतो आणि तोपर्यंत झाकलेले एकदम उघडे पडते.

आनुवंशिकतेचा वाटा किती?

पुरुषांच्या टकलाबाबत उत्तर बरेच स्पष्ट आहे. १९४२ मध्ये जेम्स हॅमिल्टन या अमेरिकी संशोधकाने वयात येण्यापूर्वीच वृषणे गमावलेल्या पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना टक्कल पडत नव्हते. मात्र त्यांना पुरुष संप्रेरक दिल्यावर ज्यांच्या घराण्यात टक्कल होते त्यांचे केस जाऊ लागले. याचा अर्थ सरळ आहे. जनुक एकटे काही करत नाही, त्याला संप्रेरकाची साथ लागते. आणि संप्रेरकही एकटे काही करत नाही, त्याला जनुकाची जमीन लागते.

२०१७ मध्ये ब्रिटनमधील ५२ हजारांहून अधिक पुरुषांच्या माहितीवरून टकलाशी जोडलेले २८७ जनुकीय दुवे प्रसिद्ध झाले. म्हणजे ‘टकलाचे जनुक’ असे एकच काही नाही. छोटे छोटे अनेक दुवे मिळून कल ठरवतात. उंचीचेही असेच असते.

महिलांचे चित्र यापेक्षा धूसर आहे. पुरुषांमध्ये सर्वांत ठळक ठरलेला दुवा एक्स गुणसूत्रावरील अँड्रोजन रिसेप्टर जनुकाचा. महिलांमध्ये तो तेवढ्या ठामपणे दिसलेला नाही. स्त्री संप्रेरकांशी संबंधित जनुकांचाही अभ्यास झाला, पण निष्कर्ष एकसारखे आलेले नाहीत. शिवाय भांग रुंदावलेल्या बहुतेक महिलांच्या रक्तात पुरुष संप्रेरकाचे प्रमाण सामान्यच असते. आणि फणीत मूठभर केस देणाऱ्या पहिल्या प्रकारासाठी तर कोणतेही एक जनुक जबाबदार ठरलेले नाही.

या अभ्यासांमध्ये आणखी एक उणीव आहे. मोठे अभ्यास युरोपीय वंशाच्या, आणि त्यातही पुरुषांच्या माहितीवर उभे आहेत. राहुरीच्या किंवा जामखेडच्या महिलेचे डोके त्या आकडेवारीत नाही. भारतात ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पातून दहा हजार व्यक्तींच्या जनुकसंचाची माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांसाठी खुली झाली. त्यातून पुढे आपल्याकडील अभ्यासांना पाया मिळू शकतो. आज मात्र ‘तुझ्या जनुकातच आहे’ असे छातीठोकपणे सांगण्याइतका आधार महिलांच्या बाबतीत कोणाकडेही नाही.

आईकडून की वडिलांकडून?

मुलाला टक्कल पडले की मामाकडे किंवा आजोळच्या आजोबांकडे पाहिले जाते. त्यात थोडे तथ्य आहे, कारण मुलाला एक्स गुणसूत्र आईकडूनच मिळते. पण दुव्यांचा मोठा भाग इतर गुणसूत्रांवर आहे आणि ती वडिलांकडूनही येतात. मुलीला तर एक्स गुणसूत्रही दोघांकडून एकेक मिळते.

त्यामुळे डॉक्टरांना माहिती देताना फक्त ‘आईचे केस गेले होते’ एवढे सांगून भागत नाही. वडील, काका, आत्या, मामा, मावशी, दोन्हीकडच्या आज्या, सगळ्यांचे सांगायला हवे. आणि केवळ केसांचे नव्हे. कोणाला थायरॉइडची गोळी चालू आहे का, कोणाची पाळी अनियमित होती का, कोणाला अंगावरचे कोड किंवा डोक्यात चाई होती का, हेही सांगायला हवे. थायरॉइडचे काही विकार, पीसीओएस म्हणजे बीजकोशांशी संबंधित विकार आणि चाई हे तिन्ही घराण्यात पुन्हा पुन्हा दिसू शकतात आणि तिन्हींत केस जातात. म्हणजे ‘घराण्यात आहे’ हे खरे असूनही केसांचा दोष केसांच्या जनुकात नसून थायरॉइडमध्ये असू शकतो. आणि थायरॉइडवर रोज एक स्वस्त गोळी हा उपाय आहे.

घराण्यातून फक्त जनुके येत नाहीत

अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या बीजमाता राहीबाई पोपेरे यांना देशी वाणांच्या जतनासाठी पद्मश्री मिळाली. बियाण्याचा वाण सारखा असला, तरी मुरमाड रानात आणि काळ्या रानात पीक वेगळे येते, हे या जिल्ह्यातील शेतकऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. केसांचेही तसेच आहे. वाण आई-वडिलांकडून येतो, पण जमीन आणि पाणी घरातून मिळते.

आणि घरही वारशाने मिळते. आईच्या ताटात भाजी उरत नव्हती, तर मुलीच्या ताटातही ती शेवटीच येते. आई सगळ्यांचे झाल्यावर जेवायची, मुलगीही तेच शिकते. पाळीत जास्त रक्त जाते हे आईने कोणाला सांगितले नाही, मुलगीही सांगत नाही. दोघींच्या अंगात रक्त कमी, दोघींचे केस विरळ. बाहेरून पाहणारा म्हणतो, ‘आनुवंशिक आहे.’ प्रत्यक्षात पिढीतून पिढीत आलेली गोष्ट उपास आणि दुर्लक्ष ही असते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के महिला रक्तक्षयी आढळल्या. २०१५-१६ च्या चौथ्या फेरीत हे प्रमाण ४८ टक्के होते. म्हणजे निम्म्याहून अधिक महिलांच्या बाबतीत केसगळतीचे एक संभाव्य कारण आधीपासूनच समोर आहे. लोह कमी झाले की केस गळतातच का, यावर त्वचाविकारतज्ज्ञांत मतभेद आहेत. पण रक्तक्षय भरून काढावा का, यावर मतभेद नाहीत. केस परत आले नाहीत, तरी दम लागणे, थकवा आणि बाळंतपणातील धोका कमी होतो. केसगळतीच्या निमित्ताने रक्तक्षय सापडला, तर तो केसांपेक्षा मोठा लाभ आहे.

आधी फ्यूज, मग मोटार

शेतातला पंप बंद पडला की कोणी लगेच विहिरीतून मोटार वर काढत नाही. आधी वीज आहे का पाहतात, मग फ्यूज, मग स्टार्टर. हे स्वस्त आणि सोपे तपासून झाले की मगच मोटारीच्या वायंडिंगकडे जातात. केसगळतीत आपण उलटे करतो. तपासायला सर्वांत अवघड गोष्ट, म्हणजे जनुक, तीच आधी दोषी ठरवतो.

योग्य क्रम साधा आहे. आधी प्रश्न: गेल्या सहा महिन्यांत ताप, बाळंतपण, शस्त्रक्रिया, कडक डाएट झाले का? पाळी नियमित आहे का? कोणती नवी गोळी सुरू झाली का? मग तपासणी: रक्ताचे संपूर्ण परीक्षण, थायरॉइडसाठी टीएसएच आणि शक्य असेल तर शरीरातील लोहाचा साठा दाखवणारी फेरिटिन चाचणी. शेवटच्या चाचणीचे महत्त्व असे की हिमोग्लोबिन घसरण्याआधीच साठा रिकामा झालेला असतो. पाळी अनियमित असेल, चेहऱ्यावर केस वाढत असतील, मुरमे असतील, तर संप्रेरकांची तपासणी. हे सगळे ठीक निघाले आणि भांग रुंदावत असेल, तर मग आनुवंशिक विरळपणा हे निदान. त्वचाविकारतज्ज्ञ ते बहुधा डोके पाहून आणि भिंगाखाली केसांची जाडी तपासूनच करू शकतात.

दोन गोष्टींत मात्र वाट पाहू नये. गोल चकती पडली किंवा डोक्याला आग, वेदना, खपल्या असून कातडी गुळगुळीत होत असेल, तर लगेच डॉक्टरांकडे जावे. काही आजारांत रोमकूप कायमचा बुजतो आणि उशीर झाला तर तिथे पुन्हा केस येत नाही.

बोअरच्या पाण्याचे काय? जिल्ह्यात हा संशय जवळजवळ प्रत्येक घरात आहे. क्षारांच्या पाण्याने केस राठ होतात आणि मध्येच तुटतात, हे खरे. पण तुटणे आणि मुळापासून गळणे वेगळे. गळलेल्या केसाच्या एका टोकाला बारीक पांढरा ठिपका असेल, तर तो मुळापासून आला आहे. ठिपका नसेल, तर तो तुटला आहे. पाणी बदलण्याआधी एवढे पाहायला पैसे लागत नाहीत.

जनुकीय चाचणी करून घ्यावी का?

मोबाइलवर जाहिराती येतात. लाळेचा नमुना पाठवा, केसगळतीचा धोका जाणून घ्या. बहुतेक महिलांसाठी या खर्चाचा उपयोग नाही. एक तर महिलांतील दुवे अजून पक्के नाहीत. दुसरे म्हणजे अहवाल काहीही आला तरी उपचार बदलत नाहीत. धोका जास्त सांगितला तरी डॉक्टर भांग पाहूनच औषध देणार, धोका कमी सांगितला आणि भांग रुंद असेल तरी तेच औषध देणार. ज्या चाचणीच्या निकालाने पुढचे पाऊल बदलत नाही, तिच्यावर हजारो रुपये घालण्यापेक्षा फेरिटिन करून घेणे शहाणपणाचे. जन्मापासून किंवा अगदी लहानपणापासून केस विरळ असतील, भावंडांतही तसेच असेल, तर गोष्ट वेगळी. तिथे एकाच जनुकातील बिघाड असू शकतो आणि तज्ज्ञांच्या सल्ल्याने चाचणीला अर्थ असतो.

आनुवंशिक म्हणजे इलाज नाही?

हा सर्वांत महागात पडणारा गैरसमज. चष्म्याचा नंबरही घराण्यातून येतो, म्हणून कोणी चष्मा नाकारत नाही. आनुवंशिक विरळपणावर मिनॉक्सिडिल हे डोक्याला लावायचे औषध आहे. ते मुळात रक्तदाबाचे औषध. रुग्णांच्या अंगावर केस वाढू लागल्याचे दिसले आणि त्यातून हा उपयोग पुढे आला. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९१ मध्ये त्याला महिलांसाठी मान्यता दिली.

मात्र त्याच्या मर्यादा आधी माहीत हव्यात. परिणाम दिसायला चार ते सहा महिने लागतात. सुरुवातीच्या काही आठवड्यांत केस उलट जास्त गळतात आणि घाबरून अनेक जणी तिथेच औषध सोडतात. बंद केले की मिळालेला फायदा काही महिन्यांत जातो. गरोदरपणात आणि अंगावर पाजताना ते वापरू नये. काही महिलांना पुरुष संप्रेरकाचा परिणाम रोखणाऱ्या गोळ्या दिल्या जातात, पण त्या गर्भाला घातक ठरू शकतात, म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय त्या घेऊ नयेत. लवकर सुरुवात केली तर आहेत ते केस टिकवता येतात. रोमकूप पूर्ण आकसल्यावर मग फारसे हाती लागत नाही. म्हणूनच ‘आईवर गेलीस’ ऐकून दहा वर्षे गप्प बसलेल्या महिलेचे नुकसान खरे असते.

बाजार कशावर चालतो?

घरातून ‘इलाज नाही’ आणि डॉक्टरकडून ‘एवढे काय’ ऐकलेली महिला शेवटी बाजाराकडे जाते. माका, जास्वंद, कांदा, आवळा. तेलाने केस मऊ राहतात, कमी तुटतात, एवढा लाभ मान्य करायला हरकत नाही. ‘नवे केस उगवतील’ हा दावा वेगळा. भारताच्या औषध नियमावलीतील परिशिष्ट ‘जे’ मध्ये ज्या विकारांवर इलाजाचा दावा औषधाने करू नये अशी यादी आहे आणि टक्कल त्या यादीत आहे. म्हणूनच शाम्पूच्या बाटलीवर ‘केसगळती कमी’ मोठ्या अक्षरात आणि ‘तुटण्यामुळे होणारी’ बारीक अक्षरात असते. घरातील बाटली फिरवून पाहिली तर हे सहज दिसेल.

बायोटिनच्या गोळ्यांबाबत अधिक सावध राहायला हवे. बायोटिनची खरी कमतरता दुर्मीळ आहे. पण मोठ्या मात्रेतील बायोटिनमुळे काही रक्तचाचण्यांचे निकाल चुकू शकतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये दिला. त्यात थायरॉइडच्या चाचण्याही येतात. म्हणजे केसांसाठी घेतलेली गोळी केसगळतीचे खरे कारणच लपवू शकते. तपासणीला जाण्यापूर्वी अशी गोळी चालू असल्याचे डॉक्टरांना सांगायलाच हवे.

यंत्रणेने काय करावे?

यावर एक आक्षेप येईल. प्राथमिक आरोग्य केंद्रात साप चावलेला रुग्ण असतो, बाळंतीण असते, क्षयरोगी असतो. त्यात केसांची तक्रार घेऊन कोणी यावे का? आक्षेप रास्त आहे. केसांसाठी वेगळा विभाग कोणी मागत नाही. मागणी एवढीच की ही तक्रार सौंदर्याची म्हणून परत पाठवू नये. ती रक्तक्षयाची आणि थायरॉइडची आयती मिळालेली खूण आहे. रक्तक्षय शोधायला सरकार मोहिमा काढते. इथे महिला स्वतःहून दारात येते. तिचे हिमोग्लोबिन पाहणे, पाळीबद्दल विचारणे आणि गरज असेल तर टीएसएचसाठी ग्रामीण रुग्णालयात चिठ्ठी देणे, याला फार तर दहा मिनिटे लागतात. फेरिटिनची चाचणी सरकारी दवाखान्यात सहज मिळाली, तर खासगी लॅबचा खर्च न परवडणाऱ्या महिलांचा प्रश्न सुटेल.

हे अशक्य आहे असे या जिल्ह्याने तरी म्हणू नये. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला आणि गावातल्याच, अनेकदा निरक्षर महिलांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. डॉक्टरला जे सांगायला बाई लाजते ते ती शेजारणीला सांगते, हे त्यांनी पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी ओळखले होते. आज गावोगावी आशा सेविका आहेत. त्यांच्या गृहभेटीत ‘केस फार गळतात का, किती दिवसांपासून?’ हा एक प्रश्न वाढवला, तर रक्तक्षयाचा विषय काढायला याहून सोपे निमित्त नाही. ‘तुला रक्त कमी आहे’ म्हटले की महिला दुर्लक्ष करते. केसांचे म्हटले की ती थांबते, पदर सावरते आणि बोलू लागते.

स्थळ पाहायला आलेल्या पाहुण्यांसमोर मुलीचा शेपटा दाट दिसावा म्हणून गंगावन लावणारी आई आजही आहे. ती मुलीची लाज झाकते, कारण तिचीही कोणीतरी तशीच झाकली होती. या दोघींच्या केसांत काही जनुके सारखी असतील, त्याला इलाज नाही. पण दोघींचे रक्त एकदाही तपासले गेले नाही, हे सारखेपण जनुकातून आलेले नाही. केसांवर भांडी घेणारा पुढच्या वेळी दारात येईल तेव्हा पिशवी त्याला जरूर द्यावी. त्याआधी ती किती दिवसांत भरली, हे एकदा डॉक्टरांना सांगावे.